पावसाची पीएचडी



पाऊस आपल्या धर्माच्या नियमांतच बसलेला आहे. आर्द्रा लागल्या की आमच्याकडे आंबा बंद होतो. चातुर्मासात पालेभाज्या नाहीत, पाणी उकळून प्यायचं. मिठाईचा काळ हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात फक्त १५. साधू-साध्वीजी आषाढ चौदसपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एकाच गावी थांबतात, कारण ओल्या जमिनीवर पावलागणिक जीव असतात. कधी विहार करायचा, कधी थांबायचं, काय खायचं, किती दिवस ठेवायचं, हे सगळं आपल्या पूर्वजांनी पाऊस नीट बघूनच ठरवलं.

असं असताना आपल्याच घरातली एखादी मुलगी म्हणाली की मला पावसावर संशोधन करायचं आहे, तर आपण एवढ्या का दचकतो?

आमच्या घरात २०२५ मध्ये हेच झालं. माझ्या थोरल्या दिरांची मुलगी पुण्यात एमएस्सी झाली, फिजिक्समध्ये. आता तिला हवामान बदलावर पीएचडी करायची आहे. सासूबाई म्हणाल्या, "पावसाची पीएचडी? पाऊस काय शिकायचा गं, तो येतो आणि जातो." भाऊजींना नोकरीची काळजी. आणि जाऊबाईंना जी काळजी, ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. पाच वर्षं म्हणजे तिसावं उजाडणार. त्यातच एक चांगलं स्थळ आलेलं. घर आपल्यातलं, मुलगा शिकलेला. त्यांचा निरोप होता, "शिक्षण झालं तेवढं पुष्कळ, पीएचडीचं लग्नानंतर बघू." 'बघू' या शब्दाचा अर्थ आपण बायका चांगलाच जाणतो.

हे चाललं होतं त्याच जुलै महिन्यात, २४ तारखेला, डॉ. सुलोचना गाडगीळ गेल्या. वर्तमानपत्रात आलं, पुतणीनं कात्रण काढून ठेवलं. मी तोवर त्यांचे यजमान माधव गाडगीळ यांचंच नाव ऐकून होते, पश्चिम घाटाच्या अहवालामुळे. मग मिळेल ते वाचलं, पुतणीकडून समजून घेतलं. आज त्यांच्याबद्दलच सांगते. कारण हवामानाचा शास्त्रज्ञ होतो म्हणजे नेमकं काय होतं, आयुष्य कसं जातं, याचं इतकं आपल्या जवळचं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

सुलोचनाताई पुण्याच्याच, जन्म १९४४ चा. सुरुवातीचं शिक्षण मराठी शाळेत, पुढे आंध्रात ऋषी व्हॅलीला, आणि मग पुन्हा पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. माधवरावांशी लग्न ठरलं ते कॉलेजच्या दिवसांत. दोघं अमेरिकेत हार्वर्डला गेले. तो शिकायला आणि ही सोबतीला, असं नव्हतं बरं का. त्यांना स्वतःला गणित विभागाची शिष्यवृत्ती होती. अटलांटिक महासागरात गल्फ स्ट्रीम नावाचा कोमट पाण्याचा मोठा प्रवाह आहे. तो नदीसारखी वळणं कशी घेतो, हे त्यांनी गणितानं मांडलं आणि १९७० मध्ये पीएचडी मिळवली. नंतर एमआयटीत ज्यूल चार्नी यांच्याकडे काम केलं. आज यंत्रावर गणित मांडून हवामानाचा अंदाज काढतात ना, त्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत या चार्नींचं नाव घेतात.

एवढं झाल्यावर तिथेच राहता आलं असतं. पण १९७१ मध्ये दोघं परत आले. सुलोचनाताईंच्या हातात तेव्हा कायमची नोकरी नव्हती. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना काही काळ आधार म्हणून सरकारची एक योजना होती, त्यातून त्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत रुजू झाल्या. परतल्या आणि पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या आई-आजींनी सांगितलेला, सुकडीचा आणि खडी फोडायच्या कामांचा तो दुष्काळ. अटलांटिकच्या प्रवाहाचं गणित शिकून आलेली ही मुलगी मग मॉन्सूनकडे वळली आणि जन्मभर त्याच्याशीच राहिली. १९७३ मध्ये दोघं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथलं वातावरण विज्ञानाचं केंद्र उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. संसार, दोन मुलं, शिकवणं, संशोधन हे सगळं एकाच वेळी चाललं.

आता त्यांनी काय शोधलं ते सांगते. पुतणीनं मला ओट्याशी उभं राहून समजावलं, तसंच.

शाळेत आपण शिकलो की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्यामानानं गार राहतो, म्हणून समुद्रावरचे वारे जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो. धूमकेतूमुळे ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे, त्या हॅलीनं १६८६ मध्ये हे मांडलं होतं. ऐकायला पटतं. पण असंच असेल तर जमीन जितकी जास्त तापेल तितका पाऊस जास्त पडायला हवा. मग मे महिना जुलैपेक्षा तापलेला असतो, तेव्हा मुसळधार का पडत नाही? दुष्काळाच्या वर्षी तर जमीन आणखी तापते, तरी पाऊस का नसतो?

पुढे उपग्रहाची चित्रं रोज मिळू लागली. पुण्याच्या संस्थेतले डी. आर. सिक्का आणि सुलोचनाताई यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांची, एप्रिल ते ऑक्टोबरची, ढगांची चित्रं दिवसामागून दिवस पाहिली. त्यात दिसलं ते असं. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक लांबच लांब पट्टा असतो. पावसाळ्यात तो वर सरकून आपल्या देशावर येतो. तो जागेवर जोरात असला की आपल्याकडे पाऊस, तो मंदावला की उघडीप. मग दक्षिणेला समुद्रावर नवा पट्टा तयार होतो आणि हळूहळू उत्तरेला सरकत येऊन त्याची जागा घेतो. म्हणजे आपला पाऊस हा नुसता तापलेल्या जमिनीचा खेळ नाही, पृथ्वीभोवतीच्या ढगांच्या पट्ट्याचा हा पावसाळी मुक्काम आहे. १९८० मध्ये हे छापून आलं आणि आजही मॉन्सून शिकणाऱ्या मुलांना ते वाचावं लागतं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की समुद्राच्या पाण्याचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की असे मोठे ढग उभे राहायला अनुकूल होतं.

हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ढगांचाही चातुर्मास असतो म्हण की." आम्ही सगळ्याच हसलो. पण त्यांना कळलं होतं.

मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला पुढचा भाग जास्त आवडला. १९९७ मध्ये पॅसिफिक महासागरात फार मोठा एल निनो होता. एल निनो म्हणजे आपल्याकडे पाऊस कमी, अशी भीती असते. पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला. उलट २००२ मध्ये कुणालाच अंदाज नव्हता आणि जुलै महिना जवळजवळ अर्धा कोरडा गेला, मोठा दुष्काळ पडला. सगळे म्हणत होते अंदाज चुकला. सुलोचनाताई तेव्हा साठीला आलेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा ढगांकडे पाहिलं. हिंदी महासागरात विषुववृत्तावर पूर्वेला ढग जास्त आहेत की पश्चिमेला, यावरही आपला पाऊस अवलंबून असतो, हे त्यांनी मांडलं. पॅसिफिक आणि हिंदी महासागर, दोन्हीकडे मिळून पाहिलं तर १९९७ आणि २००२ दोन्ही वर्षं समजतात. एकाच बाजूनं पाहून निकाल देऊ नये, हे आपण अनेकान्तात लहानपणापासून ऐकतो. त्यांनी ते पावसाच्या बाबतीत करून दाखवलं.

आणि अंदाजात 'शक्यता' हा शब्द आला की आपण हसतो ना, त्याबद्दलही एक गोष्ट. प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणजे आपल्या देशातल्या संख्याशास्त्राचे मोठे आचार्य. त्यांनी काही वर्षं कलकत्त्याच्या वेधशाळेत हवामानाचंही काम केलं होतं. १९५४ मध्ये त्यांनी आपल्या स्याद्वादाचा संख्याशास्त्राशी संबंध जोडणारा लेख लिहिला. 'स्यात्' म्हणजे 'एका दृष्टीनं असं आहे'. जेवढं कळलं तेवढंच ठामपणे म्हणायचं, पुढचं मोकळं ठेवायचं. हे मी सांगितलं तेव्हा भाऊजी पहिल्यांदा वही बाजूला ठेवून ऐकू लागले.

वही म्हणजे दुकानाची. आमचं किराण्याचं दुकान रिहे गावात आहे, मुळशी तालुक्यात. घोटवडे फाट्यावरून आत वळलं की हे खोरं लागतं. डोंगरापलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, आणि अलीकडे आमच्याकडे भाताची खाचरं. इंद्रायणी तांदूळ तुम्ही पुण्यात घेता तो या भागातलाच. दुकानातली निम्मी उधारी भातावर असते. भात झालं की पैसे येतात. त्यामुळे पाऊस आमच्या वहीत दरवर्षी लिहिला जातो, वेगळी नोंद करावी लागत नाही.

२०२३ मध्ये आर्द्रा लागल्या तरी आमच्याकडे मॉन्सून आलेला नव्हता. रोपं टाकून माणसं आभाळाकडे बघत होती. २०२५ मध्ये उलटं झालं. २५ मे ला रोहिणी निघाल्या आणि २६ मे ला मॉन्सून पुण्यात येऊन दाखल. रोहिणीत कोरड्या मातीत, धूळवाफ्यावर भाताचं रोप टाकायचं ही इथली रीत. त्या वर्षी धूळच नाही! मातीला वाफसा मिळेना, बियाणं घरात पडून. दुकानात येणाऱ्या मावश्या विचारायच्या, "काय हो वहिनी, तुमची पुतणी पावसाचं शिकती ना, तिला विचारा की आता काय करायचं." त्या चेष्टेनं विचारत होत्या, पण पुतणी गप्प झाली. मला म्हणाली, "काकू, याचंच उत्तर मला शिकायचं आहे."

सुलोचनाताईंनी हे काम केलेलं आहे. कर्नाटकातलं पावगड आणि त्याच्या शेजारचा आंध्रातला अनंतपूर हा कोरडवाहू भुईमुगाचा भाग. तिथे त्या शेतकऱ्यांबरोबर बसल्या. आधी त्यांना विचारलं की तुम्हाला पावसाबद्दल काय कळलं तर उपयोग होईल. मग कित्येक वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन पाहिलं की कधी पेरलं तर शेंगा भरायच्या वेळी ताण पडण्याची भीती कमी. हार्वर्डमध्ये शिकलेलं गणित शेवटी पेरणीच्या तारखेपर्यंत आणलं.

आणि आम्हा दुकानदारांना लागू पडेल असंही एक काम आहे. २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव सिद्धार्थ, जे गणिताचे प्राध्यापक आहेत, दोघांनी मिळून पाऊस आणि देशाचं उत्पन्न यांचा हिशेब मांडला. शेतीचा वाटा कमी होत गेला, तरी मोठ्या दुष्काळाच्या वर्षी देशाच्या उत्पन्नाचं २ ते ५ टक्के नुकसान होतच राहिलं. आणि वाईट पावसानं जितकं जातं, तितकं चांगल्या पावसानं मिळत नाही. कारण कोरडवाहू शेतकरी पाऊस बुडवेल या भीतीनं खतावर, औषधावर पैसा घालत नाही, मग चांगलं वर्ष आलं तरी पीक तेवढंच येतं. भाऊजी हे ऐकून म्हणाले, "हे तर आपल्या वहीत दिसतं. पण कुणी लिहिलंय हे माहीत नव्हतं." आई आणि मुलगा मिळून असा हिशेब करतात, याचं जाऊबाईंना फार वाटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "मुलं लहान होती तेव्हा ती काम करतच होती का गं?"

करतच होत्या.

आता तर या विषयाची गरज वाढली आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की देशाच्या मधल्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे पडतो तेव्हा एकदम, आणि मध्ये लांब उघडीप. अरबी समुद्र तापतो आहे, त्याचा यात हात आहे. अशा पावसात खाचराचे बांध फुटतात, घरं जातात, जीव जातात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या आपण. मग पूर कधी येणार हे आधी कळून माणसं, गुरं वाचली, तर ती जीवदया नाही का? पांजरपोळाला आपण देणगी देतो तशीच एक मुलगी या कामाला दिली, असं मी जाऊबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "देणगी परत मागायची नसते, म्हणून भीती वाटते."

त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून आम्ही दोघी एका दुपारी पुतणीला समोर बसवून सगळं विचारलं. तुमच्याही घरात असा प्रश्न येईल, म्हणून उत्तरं लिहिते.

पैसे? फेलोशिपची परीक्षा पास झाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. वडिलांना फी भरायची नसते. ती परीक्षा ती यंदा पास झाली. त्यात पृथ्वी, वातावरण आणि महासागर असा वेगळा विषयच आहे.

घर सोडून लांब? पुण्यातच उष्णदेशीय हवामान संस्था आहे, आपल्या विद्यापीठात वातावरण विज्ञानाचा विभाग आहे. हवामान खात्याचं मोठं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासून पुणं हे या विद्येचं माहेरच आहे.

जेवणखाण, चौविहार? ती हसली. "काकू, मी संगणकावर काम करणार. डबा घरूनच नेईन आणि सूर्यास्ताआधी जेवेन."

आणि लग्न? यावर ती म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. पण जो 'बघू' म्हणेल त्याला मी पण 'बघू' म्हणेन."

भाऊजींनी त्या घरी स्वतः फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की मुलगी आधी पीएचडीला लागेल, नंतर बाकीचं. तिकडून चार दिवसांनी नकार आला. जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. समाजात दोन-तीन ठिकाणी बोललंही गेलं की फार शिकवलं, आता बसतील. हे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. अजूनही कार्यक्रमात कुणी विचारलं की जाऊबाईंचा चेहरा उतरतो.

पण सुलोचनाताईंच्या आयुष्याकडे पाहताना मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. त्यांची पीएचडी १९७० ला झाली, पावसाचं पहिलं मोठं उत्तर १९८० ला मिळालं, आणि २००२ च्या कोड्यावरचं काम साठीत. ही तपश्चर्या लांब पल्ल्याची आहे. वर्षीतप करणारीला घरातलं कुणी तिसऱ्या महिन्यात विचारत नाही की काय मिळालं. उलट पारण्याची वेळ सांभाळतात, बियासणाचं ताट तयार ठेवतात, तिला जपतात. अभ्यास करणाऱ्या मुलीलाही घराकडून तेवढंच हवं असतं.

आमच्या सासूबाईंनी त्यांच्यापुरता निर्णय केला आहे. दुकानात येणाऱ्यांना त्या सांगतात, "नात पावसाची पीएचडी करणार." सुरुवातीला हे वाक्य त्या ज्या सुरात म्हणायच्या, तो सूर आता राहिला नाही. पुतणीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. जाऊबाईंनी तिच्यासाठी नवा पंजाबी ड्रेस शिवायला टाकला आहे, रंग त्यांनीच निवडला.

जय जिनेंद्र.